मोडिसचं बर्फाचं तापमान: चार हिवाळे वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

मॉड२९, म्हणजे मोडिस या उपग्रहावरच्या यंत्रावरून काढलेलं समुद्री बर्फाचं तापमान, गेले चार हिवाळे वापरतोय, जवळपास रोज. आणि दर दोन-तीन महिन्यांनी टीममध्ये नवीन आलेलं कुणीतरी मेसेज टाकतंच की दादा, हे उपग्रहाचं बर्फाचं तापमान भरवशाचं आहे का, डायरेक्ट मॉडेलमध्ये घालू का. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय. लांबलंय, सवडीने वाचा. घाईत असाल तर एवढंच घ्या: पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला एक स्टार ढगांच्या नावावर.

वस्तू काय आहे ते आधी. नासाचे दोन उपग्रह, टेरा डिसेंबर १९९९ मध्ये सोडला आणि अ‍ॅक्वा मे २००२ मध्ये, दोघांवर मोडिस नावाचं एकाच जातीचं यंत्र. साधारण ७०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि एका फेरीत २३३० किलोमीटर रुंद पट्टा बघतात. ध्रुवांकडे हे पट्टे एकमेकांवर चढतात, त्यामुळे विषुववृत्तावरच्या माणसाला जे दिवसातून एक-दोनदा मिळतं ते तिकडच्या बर्फाला कितीतरी वेळा मिळतं. यंत्रात ३६ बँड आहेत, त्यातले आपल्या कामाचे मुख्य दोन, ३१ नंबरचा साधारण ११ मायक्रॉनवरचा आणि ३२ नंबरचा साधारण १२ मायक्रॉनवरचा, म्हणजे दोन्ही उष्णतेचे, सूर्य असो नसो चालणारे. या दोन बँडवरून समुद्री बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान काढून एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये देतात ते म्हणजे मॉड२९, अ‍ॅक्वाचं असेल तर मायड२९. डोरोथी हॉल आणि जॉर्ज रिग्ज यांच्या टीमने बनवलेलं, आणि मिळतं बोल्डरच्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरमधून. अकाउंट काढायचं, उतरवून घ्यायचं, पैसे शून्य. वीसेक वर्षांच्या वर साठलेला डेटा फुकट, हे आधी मान्य करू आणि मग कुरकुर करू.

एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. मॉड२९ फक्त समुद्री बर्फासाठी आहे. जमीन त्यात झाकलेली असते, आणि ग्रीनलँडची हिमचादर, अंटार्क्टिकाचा खंड हे सगळं 'जमीन' मध्ये जातं. ग्रीनलँडसाठी त्याच पद्धतीने काढलेलं वेगळं प्रॉडक्ट आहे, बाकी ठिकाणी जमिनीच्या तापमानाचं मॉड११ घ्यावं लागतं. एकाने दोन दिवस अंटार्क्टिकाच्या मधोमध तापमान शोधलं होतं मॉड२९ मध्ये, बिचाऱ्याला सगळीकडे २५ दिसत होते.

आता त्या २५ चं सांगतो, कारण इथेच माझी स्वतःची सगळ्यात मोठी फजिती झालेली आहे. फाइलमध्ये आकडे केल्विनच्या शंभरपट लिहिलेले असतात, ०.०१ ने गुणलं की तापमान. पण त्याच थरात मधेमधे कोड पण बसवलेत, गुणून झाल्यावर २५ म्हणजे जमीन, ५० म्हणजे ढग, असे. पहिल्या हिवाळ्यात मी सैबेरियाच्या उत्तरेच्या लाप्टेव्ह समुद्राची जानेवारीची सरासरी काढली, फक्त शून्य तेवढे गाळले आणि बाकी सगळे आकडे धाडकन् सरासरीत. निम्मा समुद्र ढगाखाली, म्हणजे निम्मे पिक्सेल ५० केल्विन, आणि उत्तर आलं वजा सव्वाशे अंश सेल्सियस. मला तेव्हा ते खटकलंच नाही, कारण केल्विनमध्ये बघत होतो आणि १४७ हा आकडा तसा काही ओरडत नाही. मीटिंगमध्ये स्लाइड लावली. मॅडमनी चष्मा वर केला आणि एवढंच म्हणाल्या, "वजा सव्वाशे? अंटार्क्टिकालाही जमलं नाही रे हे." त्यानंतर आजपर्यंत कुठलीही फाइल उघडली की पहिलं काम हिस्टोग्राम, म्हणजे कुठला आकडा किती वेळा आलाय त्याचा आलेख. २१० केल्विनच्या खालचं काही दिसलं की तापमान समजायच्या आधी कोड आहे का ते बघायचं.

दुसरी ठेच जागेची. एक फाइल म्हणजे पाच मिनिटांचा तुकडा, १३५४ गुणिले २०३० पिक्सेलचा, पण त्याच्यासोबत अक्षांश-रेखांश मात्र दर पाच किलोमीटरला एक एवढेच दिलेले असतात. मधले आपण भरायचे. मी भरले, सरळ रेषेत, आणि नकाशावर बर्फाच्या भेगा किनाऱ्यात घुसल्या. पट्ट्याच्या कडेला पिक्सेल ताणले जातात, एक किलोमीटरचा पिक्सेल कडेला जवळपास दोन गुणिले पाच किलोमीटर होतो, तिथे असलं ढोबळ भरणं चालत नाही. मॉड०३ नावाची वेगळी फाइल असते, प्रत्येक पिक्सेलची जागा असलेली, ती सोबत उतरवा आणि सुखी राहा. ज्यांना या भानगडीत पडायचंच नाही त्यांनी रोजचं, जाळीवर बसवलेलं व्हर्जन घ्यावं, नकाशा काढायला तेच बरं. फक्त त्यात दिवसभरातले बरेच पास, म्हणजे उपग्रहाच्या फेऱ्या, असतात आणि प्रत्येक पिक्सेलला त्यातला एकच निवडलेला असतो, त्यामुळे शेजारशेजारचे दोन पिक्सेल वेगवेगळ्या तासांचे असू शकतात. सकाळचा आणि रात्रीचा बर्फ एकाच चित्रात.

फॉर्म्युला. यावर लोक फार घाबरतात आणि खरं सांगायचं तर हा प्रॉडक्टमधला सगळ्यात कमी त्रासाचा भाग आहे. बर्फ आपल्या डोळ्याला पांढराशुभ्र, पण ११ मायक्रॉनवर बघितला तर तो जवळजवळ काजळासारखा काळा, आलेलं सगळं शोषणारा आणि जेवढं तापमान तेवढं प्रामाणिकपणे बाहेर टाकणारा. एमिसिव्हिटी, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत किती उष्णता बाहेर टाकतो ते, ०.९९ च्या आसपास. म्हणजे यंत्राला दिसणारं तापमान आणि खरं तापमान यात मुळातच फार अंतर नाही. ही एमिसिव्हिटी एक टक्क्याने चुकली तर २५० केल्विनला साधारण अर्ध्या अंशाचा घोळ होतो, त्याच्यावर नाही, आणि बर्फाची एमिसिव्हिटी वाळू-खडकासारखी जागोजागी उड्या मारत नाही, थोडीफार बदलते ती बघायच्या कोनाप्रमाणे. राहिली मधली हवा. तिच्यातली वाफ थोडी उष्णता खाते, १२ मायक्रॉनला ११ पेक्षा जरा जास्त खाते, म्हणून दोन्ही बँडमधला फरक बघितला की वाफेने किती खाल्लं त्याचा अंदाज येतो आणि तेवढं परत घालायचं. तिरकं बघत असू तर हवेतून वाट लांब, म्हणून कोनाची एक टर्म. संपला फॉर्म्युला. जेफ्री की वगैरे मंडळींनी एव्हीएचआरआर या जुन्या उपग्रह-यंत्राच्या जमान्यात बसवलेली पद्धत आहे, २४० केल्विनच्या खाली, २४० ते २६० आणि २६० च्या वर असे तीन वेगळे गुणांक, आणि आर्क्टिकचे वेगळे, अंटार्क्टिकाचे वेगळे. ध्रुवीय हवा एवढी कोरडी असते की दुरुस्ती बहुतेक वेळा एखाद्या अंशाचीच. दमट उष्ण समुद्रावर काम करणाऱ्यांना विचारा, त्यांना आपला हेवा वाटतो.

पण थंडीचं स्वतःचं एक दुखणं आहे. वजा ८३ अंशाचा बर्फ ११ मायक्रॉनवर जेवढा प्रकाश टाकतो तो शून्य अंशाच्या बर्फाच्या साधारण आठवा हिस्सा असतो, प्लांकच्या सूत्रात आकडे घालून कुणीही बघावं. म्हणजे यंत्राला कुजबुज ऐकायची असते, आणि कॅलिब्रेशनमधली, म्हणजे यंत्राचं माप जुळवण्यातली, बारकीशी चूक जी शून्य अंशाला कळतही नाही ती तिथे वर येते. समुद्री बर्फ एवढा थंड होत नाही म्हणून मॉड२९ वाल्यांना हे फारसं चावत नाही, पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर काम करणाऱ्यांना चावतं.

अचूकता किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. निरभ्र आकाशात तपासून बघितलेली चूक एक-दीड अंशाच्या घरात आहे, दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राशी तुलना करून बनवणाऱ्यांनीच २००४ मध्ये छापलं होतं. यातला 'निरभ्र' हा शब्द दहादा वाचा.

आणि कशाचं तापमान, हेही वाचा. उपग्रहाला दिसतो तो बर्फाचा वरचा पापुद्रा, मिलिमीटरचाही अंश. हवामान केंद्र मोजतं दोन मीटर वरची हवा. उन्हाळ्यात वितळायच्या बेताला दोन्ही जवळजवळ येतात, पण हिवाळ्यातल्या शांत, निरभ्र रात्री बर्फ आकाशाकडे उष्णता फेकून गार पडतो आणि हवा त्याच्यापेक्षा गरम राहते, उलटे थर लागतात, खाली गार आणि वर गरम. ग्रीनलँडच्या माथ्यावर, समिट केंद्रावर, मोडिस आणि हवेचं तापमान काही वर्षं शेजारीशेजारी ठेवून बघितलं तर शून्याजवळ फरक अर्ध्या अंशाचा आणि वजा साठच्या बाजूला मोडिस जवळपास पाच अंश थंड. बरेच जण म्हणाले की मोडिस गंडलंय. मग काही जणांनी तिथेच पृष्ठभागाचं तापमान इन्फ्रारेडने खालून मोजलं, तर उन्हाळ्यात तरी बऱ्याचशा फरकाचं कारण हेच निघालं की हवा आणि पापुद्रा वेगळे आहेत, मोडिस पापुद्रा बऱ्यापैकी बरोबर वाचतंय. तेव्हा हवेच्या थर्मामीटरने उपग्रहाला नापास करायचं असेल तर आधी विचार करा.

मी स्वतः हे बॉयच्या (तापमान मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या) बाबतीत केलंय. समुद्री बर्फावर ठेवलेल्या एका तरंगत्या बॉयचं तापमान आणि मोडिसचं तापमान, फेब्रुवारीत बारा अंशांचा फरक. मी आठवडाभर मोडिसचा कोड तपासत बसलो. शेवटी बॉयचा ग्राफ नीट बघितला तर तो दिवस-दिवस हलतच नव्हता, वाऱ्याबिऱ्याला काही प्रतिक्रिया नाही, वजा अठरावर निवांत बसलाय. बर्फात गाडला गेला होता. वर नवीन बर्फ पडला, त्याने दुलई घातली आणि हा आत उबेत झोपला. वरचा पापुद्रा तिकडे वजा तीसला. दोघांचंही खरं होतं, मीच वेडा.

आता ढग. इथे जास्त वेळ घेतो कारण हा डेटा वापरायचा की नाही हे फॉर्म्युला ठरवत नाही, ढगांचा मास्क, म्हणजे कुठला पिक्सेल ढगाखाली आणि कुठला निरभ्र ते सांगणारी चाळणी, ठरवतो, आणि माझं या सगळ्या रिव्ह्यूमध्ये सांगायचं खरं एवढंच आहे.

दिवसा, मध्यम अक्षांशांवर ढग ओळखणं सोपं: पांढरा आणि थंड, खाली जमीन गडद आणि गरम. ध्रुवावर यातलं काहीच चालत नाही. खाली पण पांढरं. रात्र चार-चार महिन्यांची, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या सगळ्या चाचण्या बाद. राहिलं तापमान, तर ढग थंड हा नियमही उलटा, कारण खालची हवा उलट्या थराची असल्यामुळे खालचा ढग बर्फापेक्षा गरम असतो, कधी बरोबर तेवढाच असतो. बर्फाच्या कणांचा ढग, बर्फाच्या कणांची जमीन, दोघांचं तापमान सारखं, आणि वरून बघून सांगायचं कोण कोण आहे. उंटावरून शेळ्या हाकणं परवडलं, इथे शेळ्या पण पांढऱ्या आणि वाळवंट पण पांढरं.

मोडिसकडे यासाठी काही चांगली हत्यारं आहेत. ६.७ मायक्रॉनचा वाफेचा बँड उलटा थर किती तगडा आहे ते सांगतो, १३ मायक्रॉनच्या पुढचे कार्बन डायॉक्साइडचे बँड उंच ढग पकडतात, आणि हे बँड आल्यापासून ध्रुवीय रात्रीतला मास्क बराच सुधारला. पण टेराच्या ६.७ च्या बँडमध्ये नंतर शेजारच्या बँडचा सिग्नल झिरपायला लागला, तो दुरुस्त करून ६.१ नंबरचं कलेक्शन, म्हणजे सगळ्या डेटाची सुधारलेली आवृत्ती, काढलंय. जुन्या कलेक्शनच्या फाइल डिस्कवर पडल्या असतील तर उडवा, दोन कलेक्शन मिसळून ट्रेंड काढू नका. हे मी हात जोडून सांगतोय.

तरी सुटतात. जवळून बघायचं तर एक उदाहरण देतो. ग्रीनलँडच्या उत्तरेचा जानेवारीतला एक तुकडा, मास्क म्हणतो निरभ्र, खात्रीशीर निरभ्र. चित्र उघडलं. डावीकडे बर्फावरच्या भेगा दिसतायत, बारीक, फाटलेल्या धाग्यासारख्या, आजूबाजूच्या वजा पस्तीसमध्ये वजा पंचवीस-वीसचे ओरखडे. त्यातली एक भेग उजवीकडे सरळ चाललीय, चाललीय, आणि एका जागी विरून जाते. पुढे चाळीसेक किलोमीटर नाहीच, आणि मग तीच भेग त्याच रेषेत परत सुरू. मधला तो भाग आजूबाजूपेक्षा सात-आठ अंश गरम, आणि अगदी गुळगुळीत, जणू कुणी ओल्या फडक्याने पुसलाय. भेग अशी मधेच मिटत नसते. वर पातळ ढग होता, बर्फापेक्षा गरम, आणि मास्कच्या एकाही चाचणीत अडकला नाही. आकडेवारीत तो 'बर्फ तापला' म्हणून गेला असता. तेव्हापासून माझी स्वतःची देशी चाचणी हीच: भेगा टोकदार दिसतायत का. दिसत असतील तर वर काही नाही. भेगाच नसलेल्या भागात मग शेजारच्या दोन-तीन पासमध्ये तोच आकडा येतो का बघतो, बर्फाचं तापमान तासाभरात आठ अंश उड्या मारत नाही सहसा, ढग मात्र चालत असतात.

उलटी चूकही असते. मोठ्या उघड्या भेगेतून वाफ निघते, समुद्राचा धूर म्हणतात तो, मास्क त्याला ढग म्हणतो आणि नेमका जो भाग सगळ्यात इंटरेस्टिंग तोच खोडला जातो. यावर माझ्याकडे इलाज नाही. हाताने बघतो, जमेल तेवढं.

आणि समजा मास्क शंभर टक्के बरोबर निघाला, तरी एक कळ उरतेच. तुम्हाला फक्त निरभ्र दिवस मिळतात. हिवाळ्यात ढग म्हणजे बर्फाची गोधडी, ढग आला की पृष्ठभाग गरम होतो, दहा-दहा अंशांनी सुद्धा, आणि तो नेमका आपल्याला दिसत नाही. मग महिन्याची सरासरी काढली की ती खऱ्यापेक्षा थंड येणारच. चुकीचा कुठलाच पिक्सेल नाही आणि सरासरी मात्र चुकीची. हे आकड्यात लपतं म्हणून जास्त धोक्याचं. सरासरीचा नकाशा छापणार असाल तर शेजारी निरभ्र पास किती होते त्याचा नकाशा छापा, नाहीतर वाचणाऱ्याला फसवताय.

भेगांवरून आठवलं. एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये दहा टक्के उघडं पाणी असेल, वजा १.८ अंशाचं, आणि बाकी बर्फ वजा ३० चा, तर मोडिसला तो पिक्सेल वजा पावणेसत्तावीसच्या आसपास दिसेल. साध्या सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त, कारण प्रकाश मिसळतो, तापमान नाही. म्हणजे वजा २७ दिसलं तर तो थोडा गरम बर्फ आहे, की पातळ नवा बर्फ आहे, की जुना थंड बर्फ आणि एक भेग आहे, हे त्या एका आकड्यातून कळणार नाही. पण हिवाळ्यात समुद्रातून हवेत जाणारी बरीचशी उष्णता या थोड्याशा भेगांतूनच जाते, त्यामुळे हा नुसता बारकावा नाहीये. तिथे लँडसॅट ८ उपग्रहाचा थर्मल डेटा बघावा, १०० मीटरचा आहे, फक्त कधीतरी मिळतो, रोज नाही.

एवढी कुरकुर केली, मग चार स्टार का? कारण जिथे हा डेटा लागू पडतो तिथे दुसरं काही नाही. जुलै २०१२ घ्या. ग्रीनलँडच्या हिमचादरीचा वरचा थर उन्हाळ्यात साधारण निम्म्या भागात वितळतो. त्या १२ जुलैला जवळपास सगळीकडे वितळला, सुरुवातीला ९७ टक्के सांगितलं होतं. गंमत म्हणजे पहिल्यांदा ते दिसलं इस्रोच्या ओशनसॅट-२ च्या रडार डेटात, आणि बघणाऱ्याला स्वतःलाच वाटलं की डेटात काही गडबड आहे. मग मोडिसचं पृष्ठभागाचं तापमान काढून बघितलं तर तिथेही तेच, मग मायक्रोवेव्हवाल्यांकडेही तेच. तीन वेगळ्या तऱ्हेची यंत्रं एकच बोलली म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. ३२०० मीटर उंचीवरच्या समिटला वितळतंय हे एकट्या कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

आणि दुसरं टोक. अंटार्क्टिकातल्या वोस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ ला वजा ८९.२ मोजलं गेलं, पृथ्वीवरचा हवेच्या थंडीचा अधिकृत रेकॉर्ड तोच. पण मोडिसच्या बऱ्याच वर्षांच्या डेटात शोधलं तर पूर्व अंटार्क्टिकातल्या डोम आर्गस ते डोम फुजीच्या बाजूच्या उंच कण्यावर पृष्ठभाग वजा ९८ पर्यंत जातो, टेड स्कॅम्बोस आणि मंडळींनी २०१८ मध्ये छापलं. आधी २०१३ मध्ये वजा ९३.२ सांगितला होता, कॅलिब्रेशन आणि हवेची दुरुस्ती सुधारली आणि आकडा आणखी खाली गेला, वर मी ती कुजबुज म्हणालो ती हीच. मला त्यातला आवडता भाग आकडा नाहीच. ही ठिकाणं माथ्यावर नाहीत, माथ्यापासून जराशी खाली, दोन-तीन मीटर खोल अशा उथळ खळग्यांत आहेत, जिथे गार हवा उतरून साचते. आणि शेकडो किलोमीटर दूरच्या कितीतरी खळग्यांत किमान तापमान जवळजवळ एकच, म्हणजे आकाश कितीही निरभ्र, हवा कितीही कोरडी असली तरी याच्याखाली जायला जागाच नाही असं दिसतं. एकही थर्मामीटर तिथे नाही. हवेचं तापमान त्यांनी अंदाजाने वजा ९४ च्या जवळ धरलंय, रेकॉर्डबुकात ते जात नाही, कारण उपग्रहाचं धरत नाहीत. पापुद्रा आणि हवा, परत तेच.

पर्याय थोडक्यात. लांबचा इतिहास हवा असेल तर एव्हीएचआरआरवरून बनवलेलं एक्स्टेंडेड पोलर पाथफाइंडर, १९८२ पासून, पण २५ किलोमीटरचं, भेगाबिगा विसरा. मायक्रोवेव्ह ढगातून बघतं पण पिक्सेल दहा-दहा किलोमीटरचे आणि ते पापुद्र्याच्या बरंच आत बघतं, त्यामुळे त्याचा आकडा आणि मोडिसचा आकडा ही दोन वेगळी मापं आहेत, एकाने दुसऱ्याची भोकं बुजवू नका. इकोस्ट्रेस या नासाच्या थर्मल यंत्राची तारीफ ऐकून कुणी यायचं, तो अंतराळ स्थानकावर बसलाय, ध्रुवापर्यंत पोचतच नाही. सेंटिनेल-३ चं यंत्र चांगलं आहे, दोन कोनांतून बघतं, मी अजून पुरेसं वापरलेलं नाही म्हणून गप्प.

आणि एक सावधगिरी. 'ढग भरून काढलेलं, रोजचं, कुठेही भोक नसलेलं' असं तयार बर्फाचं तापमान पण मिळतं हल्ली, मी एक घेतलं होतं, नाव घेत नाही. दिसायला इतकं सुंदर की मीटिंगमध्ये लोक वा म्हणाले. नंतर कळलं की ढगाखालची जागा आजूबाजूच्या निरभ्र पिक्सेलवरून भरलीय, म्हणजे गोधडीखालचा बर्फ गोधडीशिवायच्या बर्फासारखा थंड धरलाय, आणि भरलेला पिक्सेल कुठला, मोजलेला कुठला ते सांगणारा थरच नाही. मॉड२९ भोकं दाखवतं म्हणून लोक नाकं मुरडतात. मला ती भोकंच आवडतात, निदान काय माहीत नाही ते तरी माहीत होतं.

कुणी घ्यावं: भेगा, पातळ बर्फ, वितळण्याची सुरुवात, एखाद्या भागातले थंडीचे नमुने बघणाऱ्यांनी डोळे झाकून. मॉडेलमध्ये घालायचं असेल तर मॉडेलच्याही फक्त निरभ्र तासांशी आणि पृष्ठभागाच्या तापमानाशीच तुलना करा, दोन मीटरच्या हवेशी नको. एका पिक्सेलच्या एका दिवसाच्या आकड्यावर ज्यांना विधान करायचंय त्यांनी लांब राहा.

शेवटी म्हातारपणाचा प्रश्न. टेराने २०२० मध्ये कक्षा सरळ ठेवणं थांबवलं, अ‍ॅक्वानेही पुढे थांबवलं, दोघांच्या वेळा सरकतायत आणि दोघंही जाणारच आहेत. वारस म्हणजे व्हीअर्स हे यंत्र, सुओमी एनपीपी उपग्रहावर २०११ पासून, आणि पुढे नोआ-२० आणि २१ वर. मुख्य थर्मल बँड ७५० मीटरचे, पट्टा ३०६० किलोमीटर, आणि कडेला पिक्सेल मोडिसएवढे ताणले जात नाहीत, दीडेक किलोमीटरवर थांबतात, नकाशे खरंच देखणे येतात. पण ते ६.७ आणि १३ मायक्रॉनवाले बँड त्याच्याकडे नाहीत, म्हणजे ध्रुवीय रात्रीत ढग पकडायची हत्यारं कमी. म्हणून आतापासूनच दोन्ही शेजारी ठेवून ओव्हरलॅप तपासून ठेवतोय. गेल्या आठवड्यात अलास्काच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्राचे डिसेंबरचे वीस पास जुळवले, दोघांत वीस मिनिटांच्या आतलं अंतर. बहुतेक ठिकाणी फरक अर्ध्या अंशाच्या आत, मी खूश. एका कोपऱ्यात मात्र व्हीअर्स सहा अंश गरम, निरभ्र म्हणून. दोन्ही चित्रं उघडली. मोडिसने तिथे ५० लिहिलं होतं. व्हीअर्सच्या चित्रात भेगा कोपऱ्यापर्यंत छान आल्या होत्या आणि तिथून पुढे पुसलेल्या.